वेजचा बाउन्स किती घ्यावा? (पावसाळ्यात चेंडूपेक्षा माती लांब जातेय)

मुरमाड | ९ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. पुण्यात गोल्फ खेळतो, सहा वर्षं झाली, हॅन्डिकॅप (जितका कमी तितका खेळाडू चांगला) १९ वर येऊन चिकटलाय. ड्रायव्हर बरा, आयर्न बरी, पण ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून) चाळीस यार्डांवर आलो की पार शोभा होते.

मार्चमध्ये ५८ अंशांची नवी वेज (जवळून चेंडू उंच उडवायची तिरक्या तोंडाची काठी) घेतली, बाउन्स ४. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, लो बाउन्सच घ्या, प्रो लोक हेच वापरतात, चेंडूखालून सुळकन जाते." एप्रिल-मेमध्ये जातही होती. जमीन तव्यासारखी तापलेली, गवत नावाला, मी खूश. मग पाऊस पडला आणि त्याच वेजची कुदळ झाली.

परवाची गोष्ट. ग्रीनच्या तोंडाशी बावीस यार्ड राहिलेले. पहिल्या फटक्याला भाकरीएवढं ढेकूळ उडालं आणि चेंडू तीन फूट गेला. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला घाबरून हात वर घेतले, तर धार चेंडूच्या पोटात बसली आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. बरोबरचे काका शांतपणे म्हणाले, "नांगरणी झाली असेल तर पेरणी उरकून घेऊ."

आता १२ किंवा १४ बाउन्सची घ्यावी असं डोक्यात आहे. पण खरं सांगायचं तर बाउन्स म्हणजे नेमकं काय हेच मला धड कळलेलं नाही. आकडा मोठा म्हणजे चेंडू जास्त उडतो का? कृपया 'प्रोकडे जा' सोडून काहीही सांगा.

---

कैरीलोणचं | ९ जुलै, रात्री ११:०५

उडण्याशी बाउन्सचा संबंध नाही, ते काम लॉफ्टचं, म्हणजे तोंडाच्या तिरकेपणाचं. बाउन्स चेंडूसाठी नसतोच मुळी, तो जमिनीसाठी असतो.

वेज टेबलावर ठेव, दांडा अगदी उभा धर आणि खाली वाकून बाजूने बघ. पुढची धार टेबलाला टेकलेली दिसणार नाही, किंचित वर असेल. टेकलेला असतो तो तळाचा मागचा, पोटासारखा भाग. पुढची धार आणि तो टेकलेला भाग यांना जोडणाऱ्या रेषेचा टेबलाशी जो कोन होतो, तो बाउन्स. तुझ्या वेजला तो ४ अंश आहे, म्हणजे धार जवळजवळ जमिनीलाच. १२ अंशांच्या वेजला पोट आधी टेकतं, त्यामुळे धार आत घुसायच्या आधी वेज पुढे सरकते.

धिरडं उलटताना बघितलंयस ना? उलथनं तव्याला जवळजवळ आडवं धरलं की अख्खं धिरडं सुटून येतं. उभं धरून खुपसलं की फाटतं. तू सध्या धिरडं फाडतोयस.

स्थूलमानाने ४ ते ६ कमी, ७ ते १० मधला आणि त्याच्यावर जास्त, असं धरतात. पण लगेच खरेदीला धावू नकोस, पुढे लिहीनच. उद्या पोराची शाळा आहे.

---

काळीमाती | १० जुलै, सकाळी ६:५०

ताईंनी स्वयंपाकघरातलं सांगितलं, मी शेतातलं सांगतो. नांगराचा फाळ टोकानं घुसतो, कारण त्याला माती उलथायची असते. वखराची पास आडवी असते, ती वरच्या थरातून सरकते, गवत कापते आणि निघते. तीच जमीन, तेच बैल, फक्त लोखंडाचा कोन वेगळा. आमचे आजोबा ओल बघून वखरावर किती वजन द्यायचं ते ठरवायचे. पोरगं बसवायचं की दगड ठेवायचा, हे जमीन सांगायची.

म्हणून मुरमाडराव, आधी जमीन बघा. तुमच्या भागात वर काळी माती असेल तर ती पावसात लोण्यासारखी होते आणि लोखंडाला चिकटते. चार अंशांची धार त्यात फाळासारखीच जाणार.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही, पुतण्या खेळतो. पण धागा आवडला.

---

सडेतोड | १० जुलै, सकाळी ९:१२

शंभर एकरांवर पाणी मारायचं आणि मग खड्डा का पडला म्हणून धागे काढायचे. चालू द्या.

---

मुरमाड | १० जुलै, सकाळी ९:३०

@सडेतोड, पाण्याचा मुद्दा खोटा नाही, वेगळा धागा काढा, येतो तिथे. इथे खड्ड्यावर बोलू.

---

फोर्थकाठचा | १० जुलै, दुपारी ३:४०

एडिंबराहून. तुझी वेज वाईट नाही रे, ती चुकीच्या गावात जन्मली आहे.

इकडच्या समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर खाली वाळू असते, वर बारीक फेस्क्यू गवत, आणि वाऱ्याने सगळं कडक झालेलं. चेंडू जवळजवळ उघड्या जमिनीवर बसतो. तिथे मी १४ बाउन्सची वेज नेली होती, नवीन आलो तेव्हा. पोट जमिनीवर आपटायचं, वेज उसळायची आणि धार थेट चेंडूच्या मध्यावर. चाळीस यार्डांचा पिच मारायला जावं आणि चेंडू ग्रीनपलीकडच्या रस्त्यावर. इकडचे म्हातारे तर वीस यार्डांवरून सरळ पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायची काठी) काढतात, आणि त्यांचाच चेंडू भोकाजवळ थांबतो.

तर कडक जमीन आणि उघडा चेंडू असेल तर कमी बाउन्स, मऊ जमीन असेल तर जास्त. अर्धी गोष्ट एवढीच. उरलेली अर्धी तुझ्या हातात आहे, आणि ती कैरीताई सांगणार असं दिसतंय, म्हणून मी गप्प.

---

जुनी_निब्लिक | १० जुलै, संध्याकाळी ६:१५

वय ७१, त्यामुळे थोडं अवांतर चालवून घ्या.

हा बाउन्स प्रकार वेजला आला तोच मुळी खुपसण्याच्या त्रासापायी. १९३० च्या आसपासपर्यंत वाळूतून काढायला निब्लिक वापरायचे. पातळ धारेचं हत्यार ते, वाळूत रुतायचं. मग चमच्यासारख्या खोलगट तोंडाची वेज निघाली, पण ती चेंडूला दोनदा लागते म्हणून १९३१ मध्ये तिच्यावर बंदी आली. त्यानंतर अमेरिकन गोल्फर जीन सारझनने फ्लोरिडात आपल्या निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातू डाखून भरला आणि पोट तयार केलं. कल्पना विमानाच्या शेपटीची झडप बघून सुचली, असं तो स्वतः सांगे. ती वेज घेऊन तो १९३२ ची ब्रिटिश ओपन खेळला, इंग्लंडमध्ये प्रिन्सेस कोर्सवर, आणि जिंकला. स्पर्धेआधी कुणी बंदी घालू नये म्हणून रात्री ती कोटाखाली लपवून खोलीवर न्यायचा, हेही त्याचंच सांगणं.

म्हणजे जगातली पहिली आधुनिक सँड वेज जास्त बाउन्सची होती. आणि आज दुकानातली पोरं १९ हॅन्डिकॅपवाल्याला चार अंश विकतात.

---

कैरीलोणचं | १० जुलै, रात्री १०:३०

आले. @मुरमाड, तीन प्रश्न. खरं उत्तर दे, इथे कुणी हसणार नाही. (सडेतोड हसेल, त्याला हसू दे.)

चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारताना चेंडू कुठल्या पायासमोर असतो? हात चेंडूच्या किती पुढे असतात? आणि डिव्हट, म्हणजे फटक्यात उडणारा गवत-मातीचा तुकडा, कसा निघतो, पातळ पापुद्रा की खड्डा?

विचारते अशासाठी की वेजवर छापलेला आकडा दांडा उभा असतानाचा असतो. दांडा लक्ष्याकडे झुकला की तेवढा बाउन्स वजा होतो. तुझी वेज ४ ची. हात पुढे नेऊन दांडा ८ अंश झुकवलास, तर उरले वजा ४. म्हणजे पोट हवेत आणि धार सगळ्यात खाली. शिवाय ५८ चा लॉफ्ट ५० होतो तो वेगळाच. आता तू १२ ची वेज आणलीस आणि तसाच झुकवत राहिलास, तर तुझ्या हातात पुन्हा ४ च उरणार. पैसे गेले, खड्डा तिथेच.

उलट वेजचं तोंड उघडलं, म्हणजे उजवीकडे फिरवून मग पकडलं, की पोट आणखी खाली येतं आणि बाउन्स वाढतो.

---

मुरमाड | १० जुलै, रात्री ११:४८

ताई, तुम्ही कुठे झाडामागे उभ्या होतात का?

चेंडू मागच्या पायाच्या अंगठ्यासमोर. हात पुढच्या मांडीपाशी. 'हँड्स अहेड, बॉल बॅक' असं पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं आणि ते मी हनुमान चालिशीसारखं पाळतोय. डिव्हट... ग्राउंड्समन मला बघून वाळूची बादली उचलतो.

---

कैरीलोणचं | ११ जुलै, सकाळी ७:०५

मग सापडलं. तू खणणारा आहेस, स्विंग उभा आहे. अशा माणसाला जास्त बाउन्स आणि रुंद तळ मानवतो. जो गवतावरून झाडू फिरवल्यासारखा मारतो, ज्याचा डिव्हट निघतच नाही, त्याला कमी चालतो. पण आधी हे करून बघ.

घरातली पांढरी रांगोळी घे. सरावाच्या जागी, जिथे परवानगी असेल तिथेच, गवतावर फटक्याच्या दिशेला आडवी, हातभर लांबीची रेघ ओढ. चेंडू ठेवू नकोस. रेघेला चेंडू समजून दहा फटके मार, दर वेळी रेघेवर थोडं पुढे सरकत. मग वाकून बघ. माती रेघेच्या आधी उकरली गेली असेल, तर ते वेजचं पाप नाही. रेघेवर किंवा तिच्या जरा पुढे उकरली असेल आणि तरी खड्डा खोल असेल, तर मात्र बाउन्स कमी पडतोय. दोन्ही वेज घेऊन कर, उधार मिळाली तर एखादी १२ ची.

आणि वेजचा तळ बघ. झीज पुढच्या धारेपाशी आहे की मागे पोटावर? तीन महिन्यांत तेवढी खूण पडते.

---

खांद्यावरची_बॅग | ११ जुलै, दुपारी १:२०

पहिल्यांदाच लिहितोय. माझे वडील पुण्यातल्या एका कोर्सवर तीस वर्षं कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) होते. त्यांच्याकडे स्वतःची म्हणून एकच वेज होती, एका मेंबरने टाकून दिलेली जुनी ५६, वरचे आकडेसुद्धा पुसलेले. कॅडींना सोमवारी खेळायला मिळायचं.

त्या एका वेजने ते सगळं मारायचे. उन्हाळ्यात कडक लाय (चेंडू बसलाय ती जागा) असली की तोंड चौकोनी, म्हणजे सरळ लक्ष्याकडे ठेवायचे, चेंडू किंचित मागे, आणि छोटा फटका. पावसात तोंड उघडायचे, हात खाली घ्यायचे, चेंडू मध्यावर, आणि म्हणायचे, "ढुंगणावर आपट." वेजच्या, चेंडूच्या नाही. मला लहानपणी वाटायचं गंमत करतात. बाउन्स हा शब्द मी पुढे तीस वर्षांनी इथे वाचतोय.

मेंबर लोक त्यांना विचारायचे, कुठली वेज घेऊ. ते बॅगकडे बघतच नसत. मेंबरचा डिव्हट बघायला चार पावलं मागे जायचे.

---

कैरीलोणचं | ११ जुलै, दुपारी १:४५

@खांद्यावरची_बॅग, मी कालपासून जे हजार शब्दांत सांगतेय ते तुमच्या वडिलांनी दोन शब्दांत संपवलं. लिहीत राहा हो.

---

चेंबूरचा_वळीव | ११ जुलै, रात्री ९:००

सगळे गवतावर बोलताहेत, बंकर विसरले. आणि घोळ तिथेच आहे.

पावसाळ्यात फेअरवे (कापलेल्या गवताची मुख्य पट्टी) मऊ, म्हणून जास्त बाउन्स हवा. बरोबर. पण त्याच दिवशी बंकरची वाळू भिजून दबून सिमेंट झालेली असते. वर कवच, खाली घट्ट. तिथे १४ बाउन्स घेऊन गेलात की वेज उसळते आणि चेंडू समोरच्या काठावर. तिथे कमी बाउन्स हवा. उन्हाळ्यात नेमकं उलटं: फेअरवे दगड, बंकर कोरडा आणि भुसभुशीत. म्हणजे आपल्याकडे एकाच फेरीत जमीन आणि वाळू कायम विरुद्ध मागतात.

म्हणून मी दोन वेजना दोन स्वभाव दिलेत. ५४ ला बाउन्स १४, ५८ ला ८. पावसात गवतावर ५४, ओल्या बंकरात ५८. मे महिन्यात अदलाबदल. बॅगेत चौदाच काठ्या नेता येतात, त्यामुळे दोन्ही वेज सारख्याच बाउन्सच्या ठेवणं म्हणजे एक जागा वाया.

अजून एक. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताला लव असते, म्हणजे ते एका दिशेला झोपलेलं असतं. फटक्याच्या उलट्या दिशेला लव असली की गवत धारेला अक्षरशः धरून ठेवतं, बाउन्स कमी असेल तर हात झटकला जातो. मांजरीच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. चेंडूजवळचं गवत चमकतंय की काळपट दिसतंय ते बघून अंदाज येतो. चमकतं तिकडे लव तुमच्यापासून दूर.

---

आकडेमोड | ११ जुलै, रात्री १०:१०

थोडी असहमती. सगळे बाउन्सच्या आकड्याला फारच महत्त्व देताय. सगळ्या कंपन्या तो आकडा एकाच पद्धतीने मोजत नाहीत, आणि तो तळाची रुंदी सांगत नाही, गोलाई सांगत नाही. अरुंद तळाची १२ आणि रुंद तळाची १० यांत मऊ जमिनीवर रुंदवाली जास्त तरंगते.

म्हणून ग्राइंड बघा, म्हणजे तळाचा कुठला भाग घासून काढलाय ते. व्होकीच्या वेजवर '५६.१४ एफ' किंवा '५६.०८ एम' असं लिहिलेलं असतं: आधी लॉफ्ट, मग बाउन्स, मग ग्राइंड. एफ म्हणजे पूर्ण तळ, तोंड चौकोनी ठेवून मारणाऱ्यांसाठी. एमला टाच आणि टोकाकडून घासलेलं असतं, त्यामुळे तोंड उघडलं तरी धार फार वर येत नाही. टेलरमेड नुसतं एलबी, एसबी, एचबी (लो, स्टँडर्ड, हाय बाउन्स) लिहून मोकळं होतं. क्लीव्हलंडचं लो, मिड, फुल. मुरमाड, तुम्ही तोंड उघडून मारतच नसाल तर घासलेल्या तळाचे जास्त पैसे कशाला देता?

आणि पिचिंग वेजचा लॉफ्ट मोजून घ्या. हल्लीच्या आयर्न सेटमध्ये तो ४३-४४ असतो, जुन्यात ४८ च्या आसपास असायचा. ४४ नंतर थेट ५८ म्हणजे मध्ये चौदा अंशांची दरी. तुमचे अर्धे अवघड फटके तिथून येत असणार, कारण ७० यार्डांवर हातात काहीच बसत नाही.

---

मुरमाड | ११ जुलै, रात्री १०:५५

पिचिंग ४४, मग ५८. दरी आहे. हा धागा म्हणजे माझं पोस्टमॉर्टेम झालंय.

एक शंका: वेज वाकवून बाउन्स वाढवता येतो ना? एकजण म्हणाला शिशाची पट्टी लाव.

---

आकडेमोड | ११ जुलै, रात्री ११:२०

शिशाच्या पट्टीने वजन वाढतं, बाउन्स नाही. मशीनवर वाकवून लॉफ्ट वाढवला की जेवढा लॉफ्ट वाढतो तेवढाच बाउन्सही वाढतो. ५८.०४ ची ६०.०६ होईल. पण दोन अंशांच्या पुढे जाऊ नका, आणि तुमची दरी सोळा अंशांची होईल ते वेगळंच.

---

जुनी_निब्लिक | १२ जुलै, सकाळी ८:४०

वाकवण्याआधी स्वतः वाका. रांगोळी काढा.

---

मुरमाड | ३ ऑगस्ट, रात्री ९:३५

उशीर झाला, माफी. हिशेब देतो.

रांगोळीचा प्रयोग तीन सकाळी केला. (बायकोने विचारलं, "नक्की गोल्फच ना?") माझ्या चालिशीच्या पद्धतीने, चेंडू मागे, हात पुढे: दहातले आठ फटके रेघेच्या पुढेच, म्हणजे जागा बरोबर, पण खड्डा बोटाच्या दोन पेरांएवढा. तळावरची झीज सगळी पुढच्या धारेपाशी, पोट दुकानातल्यासारखं चकचकीत. पोट जमिनीला कधी लागलंच नव्हतं.

मग चेंडू मध्यावर घेतला, हात पँटच्या झिपसमोर, दांडा जवळजवळ उभा. त्याच चार अंशांच्या वेजने खड्डा निम्म्यावर आला. नंतर काकांची ५४, बाउन्स १२, उधार घेतली. पहिल्याच फटक्याला आवाज वेगळा आला. आधी 'खच्' यायचा, आता ओल्या फरशीवर चप्पल आपटल्यासारखा 'थप्'. रेघेपासून वीतभर गवत फक्त आडवं झालेलं, मुळं जागेवर. मी तिथे उभा राहून त्या गवताचा फोटो काढला, शेजारच्या सरावकऱ्याने विचारलं काही हरवलंय का.

जुनी सवय अधूनमधून उसळते. परवा दोनदा पुन्हा ढेकूळ उडालं, दोन्ही वेळा हात मांडीपाशी गेले होते. पण १२ च्या वेजने ढेकूळ उडूनही चेंडू ग्रीनच्या काठापर्यंत गेला. चारच्या वेजने तो पायाशीच राहिला असता.

खरेदी: ५० अंशांची एक, बाउन्स ८, आणि ५४ ची एक, बाउन्स १४, रुंद तळ. दोन्ही सेकंडहँड, तोंडावरच्या खाचा नखाने तपासून घेतल्या. ओल्या बंकरात १४ खरंच उसळते, चेंबूरकर, तुमचा शाप लागला. तिथे सध्या ५० च चौकोनी धरून काढतोय. सुंदर दिसत नाही, पण चेंडू बाहेर येतो.

@खांद्यावरची_बॅग, वडिलांना सांगा, बंकरच्या काठावर ओलं गवत होतं, तोंड उघडलं आणि मनात त्यांचे दोन शब्द म्हटले. सहा फुटांवर थांबला. पट (भोकात घालायचा पटरचा टोला) मात्र चुकला.

आता ५८ ची चार बाउन्सवाली घरात पडून आहे. कुणाला हवी?

---

खांद्यावरची_बॅग | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

सांगितलं. म्हणाले, "पट चुकला म्हणजे आता त्याचा दुसरा धागा येणार."

---

फोर्थकाठचा | ४ ऑगस्ट, दुपारी २:०५

५८ मला दे. आईबाबा सप्टेंबरमध्ये येताहेत, त्यांच्या बॅगेत टाक. चकलीच्या डब्याशेजारी बसेल, मात्र धारेला फडकं गुंडाळ, मागच्या वेळी डबा फुटला होता.